मुकादमाला शेवटी सोडायचं

३ जानेवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसणार नाही. हे पत्र मी सांगतोय आणि तुझी आई लिहितेय. तुरुंगात जेलर म्हणून जन्मभर मी बोललो आणि कारकुनाने लिहिलं, त्यामुळे माझं अक्षर माझं मलाच लागत नाही. आलेली पत्रंही तीच वाचून दाखवते, चष्मा लावला की माझं डोकं दुखतं. तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन ते सगळं उतरवायचं, एक शब्द गाळायचा नाही. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून तू फोन तोडलास आणि काय ते पत्राने कळवा म्हणालीस. ठीक आहे. पत्र तर पत्र.

बातमी अशी की मी घरात समुद्र आणतोय. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत फोडायची आणि तिथे खाऱ्या पाण्याची टाकी बसवायची, दोन्हीकडून दिसेल अशी, माणूसभर लांब. दुकानातल्या तयार खोक्यांवर माझा विश्वास नाही. काच मापाने कापून घेणार, चौकट सुताराकडून करून घेणार. तू मत्स्यालयात मासे सांभाळतेस, म्हणजे घरचाच माहीतगार. काय काय लागतं ते सविस्तर कळव.

आता खरं कारण. छोटी सात वर्षांची झाली आणि तिने आजोबांचं घर पाहिलेलं नाही, हे शोभतं का? परीक्षा संपली की तिला सुट्टीला इकडे पाठव. टाकी तिच्यासाठीच आहे. तुझ्या आईने तिला एकदाच पाहिलंय, तेही दुपट्यात. काय झालं? डोळे कशाला पुसतेस, कागद भिजेल. लिही पुढे. नको, हे लिहू नकोस. लिहिलंस? बिनडोक बाई.

बाबा


११ जानेवारी

ती. बाबा,
आणि हे मोठ्याने वाचणाऱ्या आईस,

छोटीला पाठवणार नाही. कारण तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. दादाला डाव्या कानाने आजही ऐकू येत नाही. ताटावरून उठायला उशीर झाला म्हणून तुम्ही ठेवून दिली होती, त्याचा तो कान. तो परदेशात गेला, पण तिथेही माणसांना उजव्या बाजूला बसवून बोलतो. माझ्या मुलीवर कोणी हात उगारलेला नाही. हात उगारणं म्हणजे काय हे तिला ठाऊकच नाही, आणि ते तिला तुमच्या घरात कळावं अशी माझी इच्छा नाही.

टाकीचं मात्र सांगते. एवढी टाकी भरली की घरातल्या सगळ्या फर्निचरपेक्षा जड होते, तेव्हा चौकट तिरकी नको आणि सुताराला घाईही नको. नळाचं पाणी चालत नाही, गाळलेलंच हवं. मीठ घरातलं नाही, समुद्रातल्या माशांसाठीचं वेगळं मिळतं, ते बादलीत ढवळून रात्रभर ठेवायचं. समुद्री दगड रचा आणि मग महिनाभर एकही मासा सोडू नका. त्या काळात पाण्यात विष तयार होतं आणि ते जिरवणारे जंतू दगडांवर वाढतात. घाई केलीत तर मासे स्वतःच्याच घाणीत मरतील.

सगळ्यात महत्त्वाचं सोडण्याचा क्रम. आधी लाजरे, मग मधले, आणि दांडगे सगळ्यात शेवटी. जो पहिला आत जातो तो टाकी आपल्या मालकीची समजतो. एक छोटा मासा आहे, पुढून पांढरा, मागून लालभडक, डोक्यावर काडीसारखा पर. आम्ही त्याला लाजराच म्हणतो. कोणी अंगावर आलं की तो बिळात शिरतो, आणि बीळ सापडलं नाही तर सरळ पाण्याबाहेर उडी मारतो.

तुमच्या टाकीत असा लाजरा सुट्टी लागेपर्यंत जगला, आणि बिळाबाहेर मोकळा पोहायला लागला, तर मी स्वतः छोटीला घेऊन येईन. हा माझा शब्द.

ठकी


१२ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अट मान्य. एका माशाची ती काय गोष्ट! मी हजार-हजार माणसं बंद दाराआड जगवली आहेत.

टाकी बसली. सुताराने चौकट बोटभर तिरकी ठोकली होती आणि वर मलाच सांगायला लागला की फरशीच तिरकी आहे. एक कानफटात दिली. चौकट सरळ झाली. काचवाल्याने ते पाहिलं आणि त्याचं काम पहिल्याच फटक्यात बिनचूक. पाणी भरलं, मीठ कालवलं, पंप लावला, वरचा फेस ओढून घेणारं यंत्र लावलं, ते दिवसभर गुरगुरतं. महिना पाळला. म्हणजे अर्धा पाळला.

क्रमाचं मात्र मी माझ्या अकलेने केलं. ऐक आणि शीक. तुरुंगात नवी बराक उघडली की आम्ही आधी एक जुना, खमका कैदी आत सोडायचो. त्याला मुकादम करायचो. तो आत ठाण मांडायचा आणि मागाहून येणाऱ्या कच्च्या कैद्यांना शिस्त तोच लावायचा. आम्हाला हात घाण करावे लागत नसत. तेव्हा मी दुकानातला सगळ्यात खुनशी मासा मागितला. काळाकुट्ट, अंगावर पांढरे ठिपके, पोराच्या मुठीएवढा. त्याला पहिला सोडला. नाव मुकादम.

आठवड्याने दोन नारिंगी जोकर मासे सोडले. मुकादमाने पिशवीतून बाहेर पडता पडताच धाकट्याच्या शेपटीचा लचका तोडला. थोरल्याला कोपऱ्यात नेऊन इतकं चोपलं की खवले बर्फासारखे खाली पडत होते. आता दोघं वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे उभे असतात, हलत नाहीत, आवाज नाही. याला म्हणतात शिस्त. तुझी आई म्हणते तिला बघवत नाही. मग बघू नकोस ना! हेही लिहिलंस? बरं, राहू दे.

बाबा


१८ फेब्रुवारी

ती. बाबा,

ती शिस्त नाही. हीटरमागे उभा राहिलेला मासा खात नाही, आणि न खाणारा मासा मरतो.

मी सांगितलं त्याच्या बरोबर उलट तुम्ही केलंत. तरी अजून उपाय आहे, आम्ही मत्स्यालयात नेहमी करतो. मुकादमाला जाळीने काढा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. मारायची गरज नाही. तो बाहेर असताना टाकीतला एकूण एक दगड हलवा. त्याची गुहा मोडा, त्याची टेहळणीची जागा मोडा. बाकीच्यांना आत राहू द्या, त्यांना आपापल्या जागा धरू द्या. ते धिटाईने खायला लागले की मग याला सोडा, सगळ्यात शेवटी. त्याला वाटतं आपण परक्या ठिकाणी आलोय, आणि तो भिंतीकडेने चालायला लागतो. त्याची दादागिरी जागेवर असते, दातांवर नसते.

हे होईपर्यंत लाजरा आणू नका. हात जोडून सांगते.

ठकी

आई, तू कशी आहेस? तुझ्याबद्दल कोणीच काही लिहीत नाही.


४ मार्च

चि. ठकीस,

अक्षर वाकडं दिसेल. तुझी आई डाव्या हाताने लिहितेय.

लाजरा आणला होता. मुकादमाला काढायचं म्हणजे त्याच्यापुढे हार मानायची, ते मला जमणार नाही. एका माशासाठी मी माझ्याच घरातले दगड हलवू? लाजऱ्याला सोडलं तसा तो एका कपारीत शिरला. मुकादम कपारीच्या तोंडाशी उभा राहिला, दुपारभर. जरा डोकं दिसलं की धडक. लाजऱ्याच्या डोक्यावरचा तो पर त्याने मुळापासून उपटला. मग डोळा काढला. रक्त फार येत नाही, धुरासारखं येतं आणि पंप ते ओढून नेतो. संध्याकाळी लाजऱ्याने उडी मारली ती थेट स्वयंपाकघराच्या फरशीवर. वाळून पापुद्रा झाल्यावर सापडला, मुंग्या लागलेल्या.

याला तुझी आई जबाबदार. वरची जाळी नीट लावायचं काम तिचं होतं. मी तिला विचारलं, तर म्हणते जाळी कशाला, आत मारणारा आहे म्हणून तो बाहेर पळाला. मला शहाणपण शिकवते. त्याच दिवशी ती पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. काय थांबलीस? लिही. पायरीवरून. लिही म्हणतो ना.

थोरला जोकरही गेला. धाकटा आहे. दुसरा लाजरा आणतो, तू तुझा शब्द मागे घेऊ नकोस.

बाबा

पायरी नाही. — आई


९ मार्च

आई,

हे पत्र मावशीच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे ते तुला मोठ्याने वाचावं लागणार नाही.

तुझे ते दोन शब्द वाचल्यापासून मला कामात काही सुचत नाही. आज शार्कच्या तलावाची काच पुसताना मी रडत होते आणि पलीकडून पोरं मला हात हलवून दाखवत होती. तू ये. पिशवी भरू नकोस, काही नको. मावशी तुला गाडीत बसवून देईल. इथे जागा लहान आहे, पण तू माझ्या पलंगावर झोप, मी खाली झोपेन. माझं लहानपण मी तुझ्याकडे बघत काढलं, की तू आज उठशील, उद्या उठशील. आता तरी ऊठ. तुला काही झालं तर मी त्या माणसाला सोडणार नाही, मग तो माझा बाप असो.

ठकी


१४ एप्रिल

ठकूबाळ,

आज मी सांगते आणि मीच लिहिते. हात प्लास्टरातून निघालाय, अजून लिहिताना ठणकतो, पण ठणकू दे.

काळजी करू नकोस, मावशी माझ्याशेजारी बसून भाजी निवडतेय आणि एवढ्या मोठ्याने बोलतेय की मला पत्रही धड लिहू देत नाही. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती ना, अजून तिला वाटतं की गाडी भरलेली आहे.

झालं ते असं. दुसरा लाजरा आणला त्याच संध्याकाळी मुकादमाने त्याला दगडावर दाबून धरलं आणि पोट फाडलं. हे समोर खुर्चीवर बसून बघत होते. आधी हसत होते. मग ओरडायला लागले, सोड, सोड म्हणतो ना! मुकादम काय ऐकतोय. आपला हुकूम मोडला गेला की ह्यांच्या डोळ्यात काय येतं ते तुला माहीत आहे. मी आपली ओट्यामागे गेले. ह्यांनी काठी घेतली आणि पाण्यात खुपसून त्याला झोडपायला लागले. तो कधी इकडे, कधी तिकडे. तेव्हा ह्यांनी काठी टाकली आणि त्याच्यावर, काचेच्या बाहेरूनच, मूठ हाणली. दुसऱ्यांदा हाणली तेव्हा काच फुटली.

ठकू, तो आवाज मी विसरणार नाही. सगळा समुद्र एकदम बाहेर आला. ह्यांचा हात कोपरापर्यंत काचेत अडकला होता आणि वरून पाण्याचं वजन. खारट पाणी, रक्त, दगड, सगळं माझ्या पायाशी. हे किंचाळत होते, माझं नाव घेऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना माझं नाव घेताना ऐकलं. मी एका हाताने आणि दातांनी साडी फाडून हात बांधला. तो मी बांधला, हे तुला पटेल की नाही माहीत नाही. गाडी बोलावली. ती ह्यांना दवाखान्यात घेऊन गेली, आणि मग मी फरशीवर बसून मासे शोधले.

धाकटा जोकर तव्याखाली जिवंत होता. मुकादम चपलांच्या फडताळाजवळ तडफडत होता. मी पाय उचलला. अगदी उचलला होता. मग तुझं पत्र आठवलं, मारायची गरज नाही. दोघांनाही वेगवेगळ्या बादलीत टाकलं.

ह्यांची जखम चिघळली, दुसऱ्यांदा फाडावी लागली. बोटं ओढणाऱ्या शिरा तुटल्यात. डॉक्टर म्हणाले उजवी मूठ आता कधी वळणार नाही. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही खरं आहे.

तू म्हणालीस ऊठ, ये. रागावू नकोस, पण मी का जाऊ? मी तुझी पत्रं नुसती वाचून दाखवत नव्हते, ऐकतही होते. मुकादमाला बाहेर काढायचं आणि दगड हलवायचे. तर ह्यांना बाहेर काढायचं काम ह्यांनीच केलं, दगड मी हलवतेय.

महिला फौजदारांकडे जाऊन मनगटाची तक्रार लिहून दिली, पायरी नाही असं पहिल्याच ओळीत. मावशी कायमची राहायला आली, ह्यांच्या झोपायच्या खोलीत तिचं सामान लागलंय. ह्यांची खुर्ची बैठकीच्या मधोमध होती, तिथून घरातलं प्रत्येक दार दिसायचं, ती काढली. ह्यांची कॉट बाहेरच्या दाराशी टाकलीय. स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती ती तुला आठवत असेल. सुताराला बोलावून ती काढली आणि आतून लावली. तोच सुतार, कानफटातवाला. शीळ घालत काम करत होता. काठी त्यानेच नेली, म्हणाला उत्तम लाकूड आहे, दोन मुठी होतील कपाटाच्या.

काचवाल्याने नवी टाकी बसवली. जुनं पाणी आणि दगड बादल्यांत जपले होते, त्यामुळे लवकर बसली. यावेळी नवा लाजरा पहिला सोडला. चार दिवस कपारीत, आणि परवा सकाळी मी भांडी घासताना मान वर केली तर तो मधोमध, पाण्यात पर फडकवत उभा. मग जोकर सोडला. मुकादम अजून भोकं पाडलेल्या डब्यात आहे, टाकीतच, सगळ्यांना बघतोय.

ह्यांना महिनाअखेरीस घरी सोडणार आहेत. म्हणून आता मागते. तू शब्द दिला होतास. छोटीला घेऊन आत्ता ये, हे यायच्या आधी. क्रम तूच शिकवलास.

आई


१७ एप्रिल

आई,

रजा मंजूर झाली. आम्ही दोघी येतोय. छोटीला सांगितलंय की आजीचं घर आहे.

बाबा येतील तेव्हा मी तिथे असेन. त्यांनी बोटही उचललं तर त्याच पावली मी तिला घेऊन निघेन, आणि तुलाही उचलून नेईन, तू कितीही नाही म्हण.

ठकी


१० मे

चि. ठकीस,

मी स्वतः लिहितोय, डाव्या हाताने. तुझी आई म्हणाली, तुमचं पत्र तुम्ही लिहा. अक्षर लागलं नाही तर लावून घे.

तुम्ही दोघी गेल्यापासून लिहायचं म्हणत होतो. तुला काय वाटलं, मला काही कळत नाही? घरी आलो तेव्हा मला माझ्याच घरात पाण्याचा तांब्या सापडेना. खुर्ची नाही. खोलीत ती कंडक्टरीण. माझ्या कॉटवरून फक्त रस्ता दिसतो आणि टाकीची एक कड. फौजदारबाई येऊन माझ्याकडे असं बघून गेल्या, जसं मी लोकांकडे बघायचो. तुमच्या त्या मुकादमाला आता डब्यातून सोडलंय. तोही काचेच्या कडेकडेने फिरतो. मी दिवसभर त्याला बघतो. मला तुम्हा सगळ्यांचा राग आहे, हे स्पष्ट लिहितो.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तू तेव्हा आईबरोबर स्वयंपाकघरात टाकीकडे पाठ करून होतीस आणि कंडक्टरीण बाजारात. मी आलो त्याच दुपारची गोष्ट. मी आत गेलो आणि टाकीसमोर, बरोबर माझ्या खुर्चीच्या जागी, छोटी मांडी घालून बसली होती. चपला कुठे काढायच्या ते मला सांगायला लागली. मला. माझ्या घरात. म्हणाली, इथे नाही आजोबा, तिकडे, आजीने जागा ठरवलीय. मी म्हटलं, ऊठ तिथून. ती म्हणाली, थांबा ना, लाजरा आत्ताच बाहेर आलाय, तुम्ही मोठ्याने बोललात तर आत जाईल.

माझा हात वर गेला. विचार करून नाही, आपोआप गेला, जसा नेहमी जायचा. बँडेजसकट, डोक्याच्या वर. दादा असता तर तोंड झाकून घेतलं असतं. तू घेतलं असतंस. तुझी आई आधीच ओट्यामागे गेली असती. मी ते होण्याची वाट बघत होतो, हे मला तेव्हाच कळलं.

छोटी जागची हलली नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोला आजोबा."

मला कळेना. ती म्हणाली, "हात वर केलात ना? आमच्या वर्गात पण बोलायचं असेल तर हात वर करतात. विचारा, काय विचारायचंय?"

मी तसाच उभा होतो. हात खाली घेता येईना. ती वाट बघत होती, अगदी मनापासून, मास्तरीणबाई असल्यासारखी. मला काहीच विचारायचं नव्हतं. जन्मात मी कोणाला काही विचारलेलं नाही. शेवटी हात दुखायला लागला तेव्हा मी विचारलं, मी इथे बसू का.

ती जरा सरकली आणि म्हणाली, बसा, पण हळू.

पुढच्या सुट्टीला याल का, ते कळव.

बाबा